दहापैकी किती

वर्ध्याजवळच्या सेलूच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. आत शिरलं की डाव्या हाताला पांढऱ्या चादरीची गादी, गादीवर लोड आणि लोडाला टेकून मी. बेचाळीस वर्षं मी त्या गादीवरून धंदा केला. गिऱ्हाईक आलं की मी बोट दाखवायचो आणि माझ्याच वयाचा आमचा सेल्समन स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं कापडाचं थान काढून आणायचा. मी स्वतः उठायचो ते ओळखीच्या मोठ्या घरचं कोणी आलं तरच. पूर्वी हे मी ऐटीत सांगत असे. आता सांगताना जरा खाली बघतो, आणि का ते पुढे कळेलच.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासतात म्हणून माझंही तपासलं, आणि त्यात पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. वर्ध्याच्या एका दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मानेतल्या गाठी चाचपल्या, डाव्या बरगडीखाली बोटं रुतवून पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजली आहे का ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "रक्ताचा कर्करोग आहे, पण हळू वाढणारा आहे. आत्ता औषधाची गरज नाही. तीन महिन्यांनी दाखवायला या." मला वाटलं हे थट्टा करताहेत. रोग एवढा मोठ्या नावाचा आणि औषध म्हणून एक गोळीही नाही? मी दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा तेच सांगितलं.

घरी मात्र ऐकू आला तो 'कर्करोग' एवढाच शब्द; 'हळू' कोणाच्या कानातच शिरला नाही. मुलगा वर्ध्यात नोकरी करतो, सिंदी मेघेला त्याचं घर आहे. त्यानं मला आणि बायकोला तिकडेच नेलं. दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातातून इतक्या हळुवारपणे काढून घेतल्या की मला विरोध करायलाही सुचलं नाही. "बाबा, लय केलं तुम्ही. आता फक्त बसा," म्हणाला. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकानं सफरचंदं आणली आणि प्रत्येकानं एकच सल्ला दिला, आराम करा. आमच्या भागात आजारी माणसावर माया करायची म्हणजे त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं. पाण्याचा पेलासुद्धा मला उचलू देत नव्हते. बायकोनं तर कमालच केली. मी अंगणात चक्कर मारायला निघालो की ती मागून प्लास्टिकची खुर्ची घेऊन चालायची. चार पावलं गेलो की खुर्ची खाली टेकवायची. "बसा जरा," म्हणायची. मीही बसायचो. बसण्यात मी आधीच पटाईत होतो.

सहा महिने असे गेले. मांड्या वितळल्या, पायजम्याची नाडी दर पंधरवड्याला जास्त ओढावी लागू लागली. जिन्याच्या अकरा पायऱ्यांत दोनदा थांबायचो. सकाळी उठतानाच थकलेला असायचो. घरात सगळे एकमेकांकडे बघायचे, कुजबुजायचे, आणि मीही मनातून धरून चाललो होतो की आजार वाढला. मी भ्यायलो होतो, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

दुसऱ्या तपासणीला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "पेशी होत्या तेवढ्याच आहेत. तुम्हाला आजारानं नाही, बसण्यानं थकवलंय." मग त्यांनी सांगितलं की दवाखान्यात माझ्यासारख्या लोकांसाठी व्यायामाचा वर्ग सुरू झालाय. बारा आठवडे, मंगळवारी आणि शुक्रवारी. "यानं आजार जाणार नाही, हे आधीच सांगतो. पण थकवा कमी होईल, पायात जोर येईल, आणि पुढे कधी औषध सुरू करावं लागलंच तर शरीर त्याला तयार असेल."

त्याच आठवड्यात मुलानं दुसरी बातमी सांगितली. मोबाइलवाला एक जण आमचं दुकान भाड्यानं मागत होता. "बाबा, मी रोज सेलूले नाई जाऊ शकत. सेल्समन काकाच्यानं एकट्यानं होत नाई. तुमच्यानं तं होणारच नाई." तो वाईट बोलत नव्हता. त्याचे डोळे भरले होते. पण माझं डोकं सणकलं.

"मले काय धाड भरली?" मी म्हणालो. "तो व्यायाम पुरा करतो. शेवटी चालायची परीक्षा असते म्हणतात. तू ये अन् पाह्य. नीट चाललो तं दुकान माझं. नाई चाललो तं दे कोणाले द्याचं त्याले."

शेवटी तो हो म्हणाला. मोबाइलवाल्याला त्यानं बारा आठवडे थांबायला सांगितलं.

वर्ग दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये भरायचा. आम्ही सहा जण. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट, आमची मॅडम, हिंगणघाटची, माझ्या मुलीच्या वयाची, पण आवाज असा की मिलचा भोंगा वाजल्यावर माणसं सरळ व्हावीत तसे आम्ही सरळ व्हायचो. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. रबराचा पट्टा छातीशी ओढायचा. हातात वजन घेऊन चालायचं. भिंतीवर एक तक्ता होता, शून्य ते दहा. शून्य म्हणजे निवांत बसलेलो, दहा म्हणजे आता प्राण जातो. प्रत्येक व्यायामानंतर ती विचारायची, "दहापैकी किती?" आमचा आकडा पाच ते सातच्या मधे राहिला पाहिजे. कमी सांगितला तर ती वजन वाढवायची, जास्त सांगितला तर कमी करायची. एवढं साधं होतं.

पण बेचाळीस वर्षं कापड विकलेल्या माणसाला कोणी आकडा विचारला तर तो खरा सांगेल का? पहिल्या दिवशी खुर्चीवरून दहा वेळा उठलो, दम फारसा लागला नव्हता, खरा आकडा चार असेल. मी म्हणालो, "आठ." मनात हिशेब असा की ही खाली ओढील, मग सहावर सौदा ठरेल. तिनं संशयानं बघितलं. "काका, आठ? तुम्ही तं बोलून राह्यले." मी म्हणालो, "बरं, साडेसात लावा." ती हसली. "काका, इथं घासाघीस नाई होत." पण तिनं साडेसात लिहिलं आणि माझं वजन कमी केलं. मी मनात खूश. बाकीचे घाम गाळताहेत आणि मी दोन बाटल्या पाणी घेऊन चालतोय. घरी बायकोला सांगितलं की व्यायाम करावा कसा ते लोकांना समजत नाही.

माझ्या शेजारी एक बाई असायच्या. बोर धरणाकडच्या जंगलालगतच्या गावाहून यायच्या, दोन वाहनं बदलून. गोंड. साठीच्या आतबाहेर, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला. मुलीशी फोनवर त्यांच्या भाषेत बोलायच्या, त्यातला एक शब्दही मला कळत नसे. त्यांनाही माझ्यासारखाच हळू वाढणारा आजार. जन्मभर मजुरी केलेली. निंदण, कापूस वेचणी, तेंदूपत्ता, पडेल ते. पहिल्याच दिवशी त्यांनी मॅडमला विचारलं, "काम करून करून हाडं झिजली माझी. मले आनखी कसरत कायले?" मॅडम म्हणाली, "मावशी, काम शरीर वापरते. हे शरीर बांधते. करून तं पाहा." बाई मान हलवून करायला लागल्या. आणि दर वेळी आकडा विचारला की त्यांचं एकच उत्तर, "दोन."

कितीही वजन दिलं तरी दोन. मॅडम वाढवत गेली. मी आतून जळायचो आणि मला कौतुकही वाटायचं.

सहाव्या आठवड्यात मधली चाचणी होती. सहा मिनिटांत हॉलबाहेरच्या लांब पडवीत किती फेऱ्या होतात ते मोजतात. माझ्या पहिल्या दिवशी जेवढ्या झाल्या होत्या, तेवढ्याच झाल्या. एक पाऊलसुद्धा जास्त नाही. मॅडमनं कागद उलटसुलट करून पाहिला. ती मला काही विचारणार, तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वजन धरून उठताना बाईंचा तोल गेला होता. त्या जमिनीवर बसल्या होत्या, ओठ पांढरे, कपाळावर घाम. मॅडमनं धावत जाऊन त्यांना आडवं केलं, पाय वर धरले. तशातही तिनं सवयीनं विचारलं, "मावशी, किती?"

बाई म्हणाल्या, "दोन."

डॉक्टर आले, नाडी पाहिली, रक्त तपासलं. काळजीचं काही नव्हतं. ताकदीपेक्षा जास्त झालं होतं आणि त्या सकाळी उपाशीच निघाल्या होत्या. तासाभरानं त्या चहा-बिस्कीट घेत बसल्या. मॅडमनं बाकी सगळ्यांना घरी पाठवलं आणि आम्हा दोघांना थांबवून घेतलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सहा हप्ते मी आकड्यावर भरोसा ठेवून वजन देऊन राह्यली," ती म्हणाली. "मावशी, तुम्ही दोन काऊन सांगत होत्या?"

बाईंनी बशीतला चहा संपवला. "मुकादम इचारते ना सकाळी, कसं हाये म्हनून. भारी हाये म्हनलं त्याले दुसऱ्या दिवशी बोलावनं येत नाई. मले वाटलं, मीनं जास्त सांगतलं तं तुम्ही वर्गातून काढून देसान."

मग मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. मी खोकलो. मग सांगितलं सगळं. आधी चढा आकडा बोलायचा, समोरचा पाडून मागतो, मधे कुठेतरी जमतं. बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मग हसायला लागल्या, अशा की कप हलायला लागला.

"सेठ," त्या म्हणाल्या, "तुम्ही सोताशीच भाव करून राह्यले होते काय?"

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण बाई खरं बोलत होत्या. अर्धे आठवडे संपले होते, दुकान हातातून निसटत होतं, आणि ते मी माझ्याच हुशारीनं घालवत होतो.

मॅडमनं पुढच्या मंगळवारी नवा नियम केला. आम्ही दोघांनी आपापला आकडा सांगायचाच नाही. बाईंचा मी सांगायचा, माझा बाईंनी. मी नाराज होतो. मला किती दम लागला ते दुसऱ्या कोणाला काय कळणार? पण दोन वर्गांतच कळायला लागलं. बाईंना जड झालं की त्यांचा डावा हात आपोआप कमरेच्या खोचलेल्या पदराकडे जायचा आणि तो घट्ट धरायचा. तोंडावर काही दिसत नसे, पण हात सांगून टाकायचा. मी म्हणायचो, "सात. कमी करा." त्या मला डोळे वटारायच्या. माझं त्यांनी त्याहून सोपं करून टाकलं. "सेठ बोलते तोवर चार-पाच. अर्धं वाक्य सोडलं की सहा. चूप झाले की सात." मॅडम टाळी वाजवून म्हणाली की पुस्तकातही हेच लिहिलंय. नव्या नियमाच्या पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्या साडेसातचे चार केले आणि माझ्या हातात खरी वजनं आली. त्या रात्री पायऱ्या चढताना मी बाईंना शिव्या दिल्या. नावानिशी दिल्या.

पण मांड्यांत काहीतरी भरायला लागलं. मी सेल्समनकडून कापडाची दोन थानं मागवली आणि घरी ती दोन्ही काखांत धरून अंगणात फेऱ्या मारू लागलो. बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, हे काय करून राह्यले? पडसान!" म्हणाली. मागे खुर्ची होतीच. आठव्या आठवड्यात कधीतरी मी मागे वळून पाहिलं तर तीच त्या खुर्चीवर बसून गवार मोडत होती आणि मी किती फेऱ्या मारतो ते मोजत होती. सकाळी डोळा उघडला की पूर्वी आधी थकवा भेटायचा. आता भूक भेटायला लागली. मला इतकं बरं वाटलं की मी सफरचंदं आणणाऱ्या एका नातेवाइकाला फाटकापर्यंत जोरात चालत सोडायला गेलो, मुद्दाम.

दहाव्या आठवड्यात खुर्च्यांवर दम खात बसलो असताना बाई सहज म्हणाल्या, "तुमच्या दुकानात आलती मी एकदा. पोरीच्या लग्नाचं पातळ घ्याले."

"घेतलं का?" मी धंद्याच्या सवयीनं विचारलं.

"घेतलं. वरच्या फळीवर एक हिरवं होतं, ते पाहाचं होतं. तुम्ही गादीवरून बोट दाखवलं, ह्यायले खालचे दाखव म्हनून. खालचंच घेतलं मंग."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हवापाणी सांगावं तसं सांगितलं. मला त्या आठवत नव्हत्या, ते पातळही आठवत नव्हतं, आणि तेच मला फार लागलं. अशा किती जणींना मी त्या गादीवरून बोट दाखवलं असेल? मला काही बोलता येईना. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मॅडमला म्हणाल्या, "सेठ बसल्या बसल्याच सातवर गेले."

बाराव्या आठवड्याची परीक्षा शुक्रवारी होती. मुलगा सुट्टी टाकून आला. पडवीच्या कडेला भिंतीला टेकून उभा राहिला, हातात दुकानाच्या किल्ल्या. कशाला आणल्या होत्या कोण जाणे, मला द्यायला की त्या मोबाइलवाल्याला. मी त्याच्याकडे बघणं टाळलं. मॅडमनं घड्याळ लावलं आणि मी निघालो. पहिली दोन मिनिटं सोपी गेली. चौथ्या मिनिटाला पोटऱ्या बोलायला लागल्या. पाचव्यात बाजूनं मुलाचा आवाज आला, "बाबा, हळू," आणि मी आणखी जोर लावला. वेळ संपली तेव्हा मधल्या चाचणीपेक्षा चार फेऱ्या जास्त झाल्या होत्या. मी गुडघ्यांवर हात टेकून उभा होतो. खुर्ची बाजूलाच होती, बसलो नाही.

मुलगा जवळ आला. फेऱ्यांचं त्याला काही नव्हतं. माझा चेहरा बघून तो घाबरला होता. "किती, बाबा? खरं सांगा."

माझ्या जिभेवर 'तीन' आला होता. दुकान हवं होतं ना! पण मॅडम म्हणाली, "तुम्ही नाई काका. मावशी सांगतीन."

बाईंनी मला खालून वर न्याहाळलं. घाई केली नाही. आयुष्यात मी कोणाच्या तोंडाकडे इतक्या आशेनं पाहिलं नसेल. पाच म्हणा, मनात म्हणत होतो, निदान सहा म्हणा.

"सात," बाई म्हणाल्या.

मुलाचं तोंड उतरलं. किल्ल्यांचा जुडगा त्यानं खिशात टाकला. "म्हणजे लय दमले," तो हळूच म्हणाला. "मी म्हणतच होतो बाबा. दुकान नाई होणार आता."

मला बाईंचा असा संताप आला की सांगता सोय नाही. एक आकडा कमी सांगितला असता तर यांचं काय जाणार होतं? जन्मभर दोन सांगितलं, आणि आज यांना खरं सुचलं!

बाई मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बाबू, जीव लावून चालाचं म्हनलं तं सातच होते. सातवर मानूस पडत नाई." त्यांचा हात कमरेच्या पदराकडे गेला. "मी चाळीस साल आठवर काम केलं. दोन सांगत होती. कोनी इचारलंच नाई, खरं किती म्हनून. म्हनून पडली मी इथं. तुह्या बापाले इचारनारं कोनी राह्यलं, अन् हे खरं सांगत राह्यले, तं नाई पडत हे. जाऊ दे त्यायले."

मॅडम कागदाकडे बघत होती, पण लिहीत नव्हती. मुलानं बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खिशात हात घातला आणि जुडगा माझ्या तळहातावर ठेवला. "रोज फोन करीन मी," म्हणाला. "दहापैकी किती ते सांगजा. खरं." त्याचा हात थोडा वेळ तसाच माझ्या हातावर राहिला. मी रडलो. पडवीतच, सगळ्यांदेखत.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. माझ्या पेशी थोड्या वाढल्यात, डॉक्टर अजूनही औषध नको म्हणतात. पुढे लागेल तेव्हा घेईन, आणि स्वतःच्या पायावर उभा राहून घेईन, याची मला खात्री आहे. सकाळी बसनं सेलूला जातो. फार गर्दी असली तर पुढची धरतो, तोंडाला मास्क लावतो. घरी येऊन थानं उचलतो. दुपारी मुलाचा फोन येतो आणि मी आकडा सांगतो. कधी चार, कधी सहा. एकदा आठ सांगितला, तर तो तासाभरात गाडी घेऊन दुकानात हजर. गादी मी काढून टाकली. गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगतो, ढेकूण झाले होते.

मागच्या महिन्यात बाई आल्या. नातीसाठी पातळ हवं होतं. पायरीशीच उभ्या राहिल्या. मी पुढे होऊन त्यांना आत आणलं, खुर्ची दिली. सेल्समन स्टुलाकडे वळला, त्याला म्हटलं तू थांब. मी स्वतः स्टुलावर चढलो, वरून दुसऱ्या फळीवरची चार पातळं काखेत घेतली, उतरलो आणि त्यांच्यापुढे पसरली. छाती जरा वरखाली होत होती. मी मुकाट्यानं घड्या उलगडत होतो, कारण बोललो असतो तर दम लागलाय हे त्यांना कळलं असतं; गप्प राहिलो की त्या सात धरतात, हे विसरलोच होतो.

बाईंनी पातळांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं, नीट, पडवीत पाहिलं होतं तसं.

"चार," त्या म्हणाल्या. "वरच्या फळीवरचं ते हिरवं काढा."